बेचिराख

'बेचिराख' हा शब्द रत्नमालाबाई आजही फळ्यावर लिहून लगेच पुसतात. महसुली दप्तरातला जुना शब्द. ज्या गावात दिवा लावायलाही माणूस उरलं नाही, ते गाव बेचिराख. शहर नियोजन शिकवायचं म्हटल्यावर तो टाळणार तरी कसा?

वीस वर्षं बाईंनी सल्लागारी केली. कुठं रस्ता, कुठं कारखाने, कुठं नवी वसाहत, सगळ्या अहवालांवर त्यांची सही. मग अकरा वर्षांपूर्वी एकाएकी सगळं सोडून त्या कॉलेजात शिकवायला आल्या. लोक म्हणाले, दमल्या असतील. दमल्या कसल्या! घाबरल्या होत्या.

त्याचं असं झालं. चिकलठाण्याच्या पलीकडं ढोलवाडी म्हणून बत्तीस घरांची वस्ती होती. नव्या औद्योगिक पट्ट्यासाठी बाई तिथं पाहणीला गेल्या, त्याही भरदुपारी. अख्खी वाडी कामाला गेलेली, दारांना कुलपं. अहवाल दोन दिवसांत द्यायचा होता. वाडी पुन्हा वसण्याआधीच्या, निजामाच्या काळातल्या नोंदीत ढोलवाडीपुढं 'बेचिराख' लिहिलेलं होतंच. बाईंनी तेच जसंच्या तसं उतरवलं. माणसंच नाहीत म्हटल्यावर पुनर्वसन कुणाचं करायचं? वाडी उठली आणि कुणालाही वीतभर जागा मिळाली नाही.

कॉलेजात आल्यापासून वर्गात हजेरी घेताना शेवटचा नंबर संपला की मागच्या बाकावरून एक घोगरा, म्हातारीचा आवाज येतो, "हाय मी." पोरं गप्प बसलेली असतात. बाक रिकामा असतो. उपासतापास झाले, डॉक्टर झाले, आवाज काही हटला नाही. बाई हजेरीपट मिटतात आणि शिकवायला लागतात.

परवा सांडू आला. ढोलवाडीचाच, पन्नाशीचा गडी, आता छावणीच्या बाजारात हमाली करतो. बसा म्हटलं तरी उभाच राहिला.

"म्याडम, सोमवारी आमच्या जागेची सुनावणी हाय. वाडीत माणसं होती ह्याचा पुरावा द्या म्हणतो सायेब. तुमच्या कागदानंच आमाला मारलं, आता तुमीच लिहून द्या. नायतर बत्तीस घरं कायमची गेली म्हणून समजा."

लिहून दिलं तर इतक्या वर्षांचं नाव मातीत जाणार होतं. पण घाईत चूक झाली म्हटलं तर? चूक काय, कुणाच्याही हातून होते. त्यांनी कागद ओढला आणि लिहिलं, 'पाहणीच्या दिवशी, चौदा मार्चला, मला वाडीत वच्छलाबाई नावाची वृद्ध स्त्री भेटली. डाव्या हाताला करंगळी नव्हती. तिनं मला पाणी दिलं. तिची नोंद घाईत राहून गेली.'

सांडू वाचता वाचता थांबला. "ही तर माझी आई."

"मग बरंच झालं की!"

"कशाचं बरं? आई त्याच्या आदल्या दिवाळीत गेली. म्या सोता अग्नी दिला."

त्या दुपारी पाण्याचा तांब्या बाईंनी तिच्याच हातून घेतला होता.

"हे दावलं तर सायेब हसंल," सांडू म्हणाला. "मेलेलं माणूस साक्षीला आणलं म्हणंल."

बाईंनी तो कागद फाडला. आता 'घाईत चूक झाली' या आडोशाला उभं राहायची सोय उरली नव्हती. दुसऱ्या कागदावर त्यांनी लिहिलं, 'दोरीवर ओली लुगडी होती. अंगणातल्या चुलीची राख ऊन होती. एका ओट्यावर पोराचं दप्तर होतं. इथं माणसं राहतात हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तरीही मी बेचिराख लिहिलं.' खाली सही केली.

सांडूनं कागद दोनदा वाचला आणि खिशात ठेवला. आभार मानले नाहीत. कशाला मानावेत? दाराशी जाऊन मात्र तो वळला.

"म्याडम, आई काय बोलली व्हती?"

बाई म्हणाल्या, "माझं नाव लिहिलंस का पोरी, असं विचारलं. मी हो म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले."