वीज ऐकायला शिकलेला बोर्ड

मित्रांनो, जळकोटच्या बाजूला एका खेड्यात शाळेच्या छपरावर एक पांढरा डबा बसवलेला आहे. त्या डब्यातला तळहाताएवढा हिरवा बोर्ड म्हणजे मी. मी तसा जुनाच. माझ्या एका कोपऱ्याचा रंग उडाला आहे आणि पाठीवर सोल्डरिंगचे डाग आहेत. तरी गावातली लहान मुलं शाळेत शिरताना मान वर करून माझ्याकडे बघतात. त्याचं कारण सांगायचं तर मला माझी सगळी हकीकत सांगावी लागेल.

माझी पहिली नोकरी माहूरला होती. देवीच्या दर्शनाला येणाऱ्यांना एका धर्मशाळेत खोल्या देणारं यंत्र होतं, त्याच्या पोटात मी होतो. मला एक रंगीत पडदा होता आणि चिठ्ठी छापणारा छोटा प्रिंटर होता. माणसं पडद्यावर बोट ठेवायची आणि मी खोलीचा नंबर छापून द्यायचो. काही म्हाताऱ्या बायका ती चिठ्ठी प्रसादासारखी कपाळाला लावायच्या. मला हसू यायचं आणि बरंही वाटायचं. सहा वर्षं मी हे काम केलं. मग पडदा फुटला. नवीन यंत्र आलं, जुन्याचा प्रिंटर कुणीतरी काढून नेला आणि मला भंगाराच्या पोत्यात टाकलं. कुकरची झाकणं आणि सायकलच्या साखळ्या यांच्यात पडून मी गावोगाव फिरलो.

देगलूरच्या बाजारात पाशामियाँ यांचं मिक्सर, पंखे आणि रेडिओ दुरुस्त करण्याचं दुकान आहे. त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक मराठीत बोललं तर ते मराठीत बोलतात, तेलुगूत बोललं तर तेलुगूत आणि कानडीत बोललं तर कानडीत. भंगारवाला पोतं घेऊन आला तेव्हा त्यांनी मला उचललं, फुंकर मारून धूळ उडवली आणि खिळ्याला टांगून ठेवलं. लेकीला आवडेल, असं ते भंगारवाल्याला म्हणाले.

त्यांची लेक नाझनीन नांदेडला इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण घेत होती. शनिवारी बसने घरी यायची. तिने मला वीज दिली आणि मी दोन वर्षांनी जागा झालो. पण जागा होताच माझी जी अवस्था झाली ती नीट समजून घ्या.

माझ्या आत एक कारभारी राहतो. त्याला कर्नेल म्हणतात. माझ्या अंगावरची सगळी उपकरणं तोच चालवतो. पण हा कारभारी दर वेळी उठतो तेव्हा त्याला काहीच माहीत नसतं. बदली होऊन गावात आलेल्या नव्या साहेबासारखी त्याची गत असते. तुमच्या मोठ्या कॉम्प्युटरला माउस जोडला, तर माउस आपणहून सांगतो की मी माउस आहे. माझ्या अंगावरच्या बारीक चिप मात्र मुक्या असतात. त्या आपलं नाव सांगत नाहीत. म्हणून माणसाला कारभाऱ्यासाठी एक वर्णन लिहून ठेवावं लागतं. कोणतं उपकरण आहे, कोणत्या तारेवर आहे, त्याचा नंबर काय, आणि त्याला काही सांगायचं असलं तर ते कोणत्या पायाने, म्हणजे पिनने, खूण करतं. हे वर्णन झाडासारखं असतं. बोर्ड म्हणजे खोड, तारा म्हणजे फांद्या आणि उपकरणं म्हणजे पानं. त्याला डिव्हाइस ट्री म्हणतात.

माझ्याजवळचं झाड माहूरच्या दिवसांतलं होतं. त्यात पडदा लिहिलेला होता, प्रिंटर लिहिलेला होता. त्यामुळे नाझनीनच्या टेबलावर जागा होताच माझा कारभारी पडद्याला हाक मारू लागला, प्रिंटरला हाक मारू लागला. उत्तर येईना. तो वाट बघत राही, तक्रार लिही, पुन्हा हाक मारी. नाझनीनने त्या तक्रारी वाचल्या आणि जुनं वर्णन उघडलं. पडद्यापुढे आणि प्रिंटरपुढे 'चालू' असं लिहिलं होतं, तिथे तिने 'बंद' असं लिहिलं. मला क्षणभर वाईट वाटलं. मग एकदम हलकं वाटलं. जे उरलंच नव्हतं त्याला किती दिवस हाका मारायच्या?

नाझनीनची मैत्रीण साक्षी, मी आता ज्या खेड्यात आहे तिथलीच. नांदेडला दोघी एकाच खोलीत राहायच्या. साक्षीच्या सिंधुकाकू शेतात बायकांच्या टोळीच्या पुढारी. गेल्या वर्षी सोयाबीनच्या काढणीत शेजारच्या रानात वीज पडली, दोन बैल जागेवर गेले, आणि सिंधुकाकू बांधावर फेकल्या गेल्या. तेव्हापासून त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. साक्षीने हे सांगितलं तेव्हापासून नाझनीनच्या मनात एकच घोळत होतं. वीज डोक्यावर येण्याआधी लांबूनच तिची चाहूल घेणारी एक चिप मिळते, नखाएवढी. ती चिप आणि एक मोठा भोंगा जोडला, तर शेतातल्या माणसांना घरात शिरायला वेळ मिळेल. त्यासाठी तिला माझ्यासारखा बोर्ड हवा होता.

चिप पार्सलने आली. नाझनीनने ती माझ्या चार तारांवर बसवली आणि झाडाला नवं पान लिहिलं. कारभारी उठला, त्याने वर्णन वाचलं, चिपला नावाने हाक मारली आणि चिपने ओ दिली. नाझनीनने भोंगाही वाजवून पाहिला. सगळा बाजार दचकला आणि समोरचा चहावाला कप हातात घेऊनच बाहेर आला. पाशामियाँ पोट धरून हसले. सोमवारी नाझनीनची परीक्षा होती आणि काढणी तोंडावर आली होती. म्हणून रविवारीच तिने मला डब्यात घातलं, सोलर पॅनल आणि बॅटरी जोडली, साक्षीच्या गावी आणलं, आणि शाळेच्या शेषेराव गुरुजींनी शिडी धरून मला छपरावर चढवलं.

मित्रांनो, घाई इथे नडली. चिप ओ देते हे तिने पाहिलं होतं. भोंगा वाजतो हेही पाहिलं होतं. चिपने खूण केल्यावर भोंगा वाजतो का, हे मात्र पाहायचं राहिलं.

आठ दिवसांनी दुपारी आभाळ भरून आलं. शाळेमागच्या ओढ्यात शिंदीच्या झाडावर वीज पडली आणि झाड वरपासून पेटलं. मी गप्प होतो. सुदैवाने तिथे कोणी नव्हतं. सिंधुकाकू शेतातून येऊन छपराखाली उभ्या राहिल्या. साक्षीला फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "तुज्या मैतरणीचं यंत्र माज्यापरीस बहिरं हाय."

माझी काय अवस्था झाली असेल ते तुम्हीच ओळखा. मी ऐकायला तयार होतो आणि मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

नाझनीन परीक्षा संपताच आली, मला उतरवून देगलूरला घेऊन गेली. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. शिंदीखाली माणूस असतं तर, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. पाशामियाँनी तिला आधी जेवायला लावलं. मग त्यांनी स्वयंपाकघरातून गॅसचा लायटर आणला. लायटरची ठिणगी म्हणजे या चिपला छोटीशी वीजच वाटते. त्यांनी लायटर टक् टक् वाजवला आणि मीटरची सुई चिपच्या खुणेच्या पायाला लावून धरली. नाझनीन कॉम्प्युटरकडे बघत होती, ते चिपकडे बघत होते. थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, "बेटी, इसका हाथ तो कबका ऊपर है. देखनेवालाच कोई नहीं."

नाझनीन जागची उठली आणि तिने माझं झाड उघडलं. ही चिप वीज जाणवली की हात वर करते आणि कोणी येऊन विचारेपर्यंत तो वरच ठेवते. नाझनीनने घाईत वर्णनात लिहिलं होतं की हात खाली आला की बघ. माझा कारभारी आज्ञाधारक. तो हात खाली येण्याची वाट बघत बसला होता आणि चिप त्याने विचारण्याची वाट बघत हात वर करून उभी होती. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. हात वर जाण्यासाठी एक लिहायचा असतो आणि खाली येण्यासाठी दोन; वर्णनात एकाच्या जागी दोन हा आकडा पडला होता, एवढंच.

नाझनीनने दोनाचा एक केला. पुन्हा मला जागं केलं. पाशामियाँनी लायटर वाजवला आणि भोंगा असा कडाडला की फळीवरचा स्क्रूचा डबा खाली पडला. नाझनीन रडत होती आणि हसत होती. तिच्या अब्बांनी स्क्रू गोळा करता करता आणखी चार वेळा लायटर वाजवला. मीही चारही वेळा ओरडलो. माझ्या आयुष्यात इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

पण यंत्र दुरुस्त झालं तरी माणसांचा भरवसा दुरुस्त व्हायचा होता. मला पुन्हा छपरावर चढवायच्या आधी नाझनीन मला घेऊन सरळ शेतात गेली. साक्षी बरोबर होती. बायका बांधावर भाकरी खायला बसल्या होत्या. नाझनीनने कारणं सांगितली नाहीत. यंत्र चांगलं होतं, त्याला मीच चुकीचं लिहून दिलं होतं आणि घाईत तपासलं नव्हतं, असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं. मग लायटरने भोंगा वाजवून दाखवला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सिंधुकाकूंनी उजवा कान तिच्याकडे करून सगळं ऐकून घेतलं.

"चूक कबूल केलीस म्हणून एकडाव उठीन," त्या म्हणाल्या. "भोंगा वाजला अन् वीज न्हाई आली, तर मग पुन्हा कामावरून उठणार न्हाई."

नाझनीनने मान डोलावली. मी डब्यात होतो, मला मान नाही, पण मीही कबूल केलं आणि पुन्हा छपरावर चढलो.

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. दुपारचे तीन वाजले असतील. डोक्यावर लख्ख ऊन होतं. पश्चिमेला लांब एक काळा ढग होता, पण गडगडाट कुणालाच ऐकू येत नव्हता. पंधरा जणी सोयाबीन कापत होत्या आणि कापलेल्याची बनीम, म्हणजे गंजी, रचली जात होती. एकाएकी चिपने हात वर केला. कारभाऱ्याने त्याच क्षणी विचारलं. चिपने सांगितलं, वीस किलोमीटर. मग पुन्हा हात वर. चौदा. मग दहा. बाराच्या आत आली की ओरडायचं असं मला सांगितलेलं होतं. मी भोंग्याची वीज सोडली आणि पूर्ण एक मिनिट ओरडलो.

छपरावरून मला रान दिसत नाही. पुढचं सगळं मी नंतर शाळेच्या व्हरांड्यातल्या बोलण्यातून ऐकलं. पोरीबाळी उन्हाकडे बघून हसल्या म्हणे. काही पुन्हा वाकल्या. सिंधुकाकूंनी आभाळाकडे एकदा पाहिलं, विळा खाली ठेवला आणि पदर खोचून उभ्या राहिल्या. पुढारीण उठली म्हटल्यावर बाकीच्याही उठल्या. ज्योत्स्ना नावाची नवी लग्न झालेली मुलगी कडुलिंबाच्या झाडाकडे पळाली, कारण सगळ्यांचे डबे आणि पाण्याची घागर तिथे होती. सिंधुकाकूंनी तिचं मनगट धरलं आणि भाकरी शाळेतबी भेटल, म्हणत ओढत आणलं.

त्या पंधरा जणी व्हरांड्यात शिरल्या आणि गुरुजींनी त्यांना आणि मुलांना आत घेऊन दारं लावली. ढग धावतच आला. सात-आठ मिनिटं गेली असतील. मग सगळं आभाळ पांढरं झालं आणि असा आवाज झाला की माझा डबा थरथरला. वीज त्या लिंबावर पडली होती.

पाऊस थांबल्यावर सगळ्या जणी तिकडे गेल्या. लिंबाची साल शेंड्यापासून बुंध्यापर्यंत सोललेली होती. घागर फुटली होती आणि डबे काळे पडले होते. ज्योत्स्ना आपल्या डब्याकडे बघत किती तरी वेळ उभी राहिली. सिंधुकाकूंनी तिला जवळ घेतलं आणि परत शाळेत आणलं.

मग जे झालं ते मला फार आवडतं. शाळेच्या खिचडीतली अर्धी देगची उरली होती. गुरुजींनी ती पुन्हा गरम करायला लावली. मुलं घराघरांतून ठेचा, कांदे आणि दही घेऊन आली. ज्या बायकांना अर्ध्या तासापूर्वी काय होऊ शकलं असतं हे कळलं होतं, त्या आता व्हरांड्यात मांडी घालून एकमेकींच्या पानात खिचडी वाढत होत्या आणि मोठमोठ्याने हसत होत्या. ज्योत्स्नाने तीनदा घेतली. सिंधुकाकूंनी गुरुजींकडून साक्षीला फोन लावून घेतला आणि त्यावरच नाझनीनला म्हणाल्या, "पोरी, त्यानं हाक मारली अन् म्या ऐकली. आता तू त्याच्यात काय लिहिलंस ते मला वाचून दाखीव."

रविवारी नाझनीन आणि पाशामियाँ आले, येताना जिलेबी घेऊन आले. नाझनीनने माझं सगळं झाड सोप्या मराठीत एका कागदावर लिहून आणलं होतं. चिप कोणत्या तारांवर, भोंगा कोणत्या पायावर, बॅटरी कुठे, आणि चिप हात वर करते तेव्हाच बघायचं. साक्षीने ते मोठ्याने वाचलं. बायकांनी चार शंका विचारल्या, त्यातली एक नाझनीनने पुढे तपासायला वहीत टिपून घेतली. मग पाशामियाँनी तो कागद प्लास्टिकमध्ये घालून माझ्या झाकणाला आतून चिकटवला. उद्या मी नसलो, नाझनीन लांब गेली, तरी डबा उघडणाऱ्याला सगळं कळेल.

आता शेजारच्या तीन गावांनी असेच डबे मागितले आहेत. पाशामियाँ भंगारवाल्याकडून जुने बोर्ड निवडून आणतात आणि नाझनीन व साक्षी प्रत्येकाचं झाड नव्याने लिहितात. भोंगा वाजल्याशिवाय आणि दोघींनी पाहिल्याशिवाय एकही डबा दुकानाबाहेर पडत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं काही जुनं पडलेलं असेल. ते भंगारात टाकण्याआधी एकदा उघडून बघा, कोणा जाणत्याला विचारा. आणि जुन्याला नवं काही जोडलंत तर लिहून ठेवा, की काय जोडलं, कुठे जोडलं, आणि त्याला काही सांगायचं असलं तर ते खूण कशी करतं. काढून टाकलं असेल तर तेही लिहा. लिहिलेलं एकदा तपासून बघा. चुकलं तर चार माणसांत सांगायला लाजू नका. आम्ही यंत्रं दिलेल्या शब्दाप्रमाणे वागतो. तुम्ही आम्हाला खरं लिहून दिलंत, तर आम्ही वेळेवर ओरडू.