कातड्यासकट कोंबडा

सुभेदार कृष्णात दोन वर्षं आपल्या जावयाशी एक शब्द बोलला नव्हता, आणि आता बोलायला त्याची जीभ नुसती वळवळत होती. पण बोलायचं कसं? साऱ्या भावकीदेखत त्यानं छाती ठोकून सांगितलं होतं, "त्या पोरासंगं बोललो तर नावाचा कृष्णात न्हाई!" माणूस फौजेतला. शब्द म्हणजे शब्द. तोच शब्द आता माशाच्या काट्यासारखा घशात अडकला होता.

जावई वाईट होता म्हणावं तर तसंही नाही. देवदत्त सांगलीच्या गावभागातला, जनावरांचा डॉक्टर, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. पण राजनंदिनीनं त्याच्याशी रजिस्टर लग्न केलं आणि मग घरी फोन केला. एकुलती एक लेक! गावजेवण घालायचं, फौजेतले दोस्त बोलवायचे, मांडवात फेटा बांधून मिरवायचं, असे काय काय बेत सुभेदारानं केले होते. सगळे मनातच जिरले. लेकीवर राग काढवेना, म्हणून तो सगळा जावयावर निघाला.

आखाड सरत आला होता. श्रावण लागला की मग महिनाभर कोंबडीचं नाव काढायचं नाही. म्हणून सुभेदाराच्या बायकोनं, बनुबाईनं, कुणाला न विचारता लेक-जावयाला उंब्रजच्या मळ्यात बोलावून घेतलं. निमित्तही आयतं होतं. आठच दिवसांपूर्वी सुभेदाराच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. धुरात जायचं नाही, खाली वाकायचं नाही, अशी ताकीद होती. त्यामुळं काळा गॉगल लावून स्वारी लिंबाखाली बाजेवर बसून होती.

सकाळपासून सुभेदार जावयाशी बोलत होता, पण कुत्र्यामार्फत. कुत्र्याचं नाव कर्नल. उभ्या नोकरीत कर्नलला हुकूम सोडता आला नाही, ती हौस तो इथं भागवून घेत होता.

"कर्नल, पाव्हण्यास्नी सांग, च्या निवाय लागलाय."

देवदत्तही तेवढ्याच गंभीरपणे कुत्र्याला म्हणायचा, "कर्नल, मामांना सांग, घेतो."

"काय बाई खुळं घर म्हणायचं ह्ये!" बनुबाई पदर तोंडाला लावून आत पळायची.

त्यात आज शिकार होती. सुभेदाराच्या तरुणपणी माळावर तितर आणि लावे मारायला माणसं जायची. आता त्यांना हात लावला तर फॉरेस्टवाले उचलून नेतात, आणि नेतात ते बरंच करतात. पण बनुबाईचे तीन गावरान कोंबडे दोन महिन्यांमागं उसात शिरले ते परत आलेच नव्हते. रात्री बांधावरच्या बाभळीवर, दिवसा सरीत. पार रानटी झाले होते. माणूस दिसलं की फडफडत वीस हात लांब.

सुभेदाराचा धाकटा भाऊ जोतिबा, जोतिबाचा लेक शंभूराज आणि देवदत्त मासे धरायचं जाळं घेऊन उसात शिरले. सुभेदार बाजेवरनं ओरडत होता, "डावीकडनं घ्या! जाळं आडवं लावा! शंभ्या, पाटाकडं जा रं!" उसातल्या दंग्यात त्याचं कुणाला ऐकू जातंय! हुकूम सोडण्यात मात्र त्यानं कसूर केली नाही.

दीड तासानं तिघं बाहेर आले. उसाच्या पात्यांनी तोंडं ओरबाडलेली, अंगभर चिखल. मारण्याचं काम जोतिबानं शेतातच उरकलं होतं. पण तिसऱ्या कोंबड्यानं जाता जाता पायाचा काटा त्याच्या तळहातात असा खुपसला होता, की देवदत्तनं रुमाल बांधूनही रक्त थांबत नव्हतं.

"आण्णा, दोन तर दाजींनीच धरली!" शंभूराज नाचतच आला. "सरीत पालथं पडून धरली, आईशप्पथ!"

सुभेदाराच्या मनात आलं, वा रं पठ्ठ्या! तोंडानं तो म्हणाला, "कर्नल, बरं झालं म्हणावं."

आता घोळ झाला. त्या घरात कोंबडं साफ करायचं काम गड्यांचं, चूल बायकांची. जोतिबाचा हात असा, सुभेदाराचा डोळा तसा. शंभूराजला कोंबडी ठाऊक होती ती दुकानातल्या काळ्या पिशवीतली. आत वाटण तयार, चुलीवर पाण्याला आधण आलेलं, आणि तीन कोंबडे फरशीवर नुसते पडून.

"मी करतो," देवदत्त म्हणाला.

जोतिबा बघतच राहिला. "आवं पाव्हणं, तुमी तर कोंबडी खाईत न्हाई!"

"खात नाही, काका. पण चार-पाच हजार फाडल्या असतील. पोल्ट्रीत रोग आला की मेलेल्या कोंबड्या आमच्याच टेबलावर येतात. पोस्टमॉर्टेमला."

सगळी खो खो हसली. सुभेदारानं गॉगल कपाळावर चढवला आणि चांगल्या डोळ्यानं बघायला लागला. देवदत्तनं बाही दुमडली, सुरीची धार अंगठ्यावर बघितली, पिसं उडू नयेत म्हणून कोंबडा बादलीत बुचकळला आणि उताणा ठेवला. दोन्ही मांड्या बाहेर दाबल्या. कट् कट्, सांधे मोकळे. हात कसा, न थरथरणारा, न अडखळणारा. सुभेदाराला लय बरं वाटलं. लेकीनं माणूस बघूनच धरलाय, हे त्याला तिथंच कबूल झालं. शाबासकी अगदी ओठांवर आली, ती त्यानं कशीबशी आत ढकलली.

आणि तेवढ्यात देवदत्तनं मांडीजवळ सुरी घालून कातड्याखाली बोटं सरकवली. बनियन काढावी तसं पिसांसकट कातडं सोलून निघायला लागलं.

"आरं ए ए ए!" सुभेदार बाजेवरनं ताडकन उठला. "आरं खुळ्या, कातडं कशाला काढतोस रं? गावरान कोंबड्याची सगळी चव कातड्यात अस्ती! पिसं उपट, जाळावर भाज, हळद लाव! सोड ती सुरी!"

कर्नलसुद्धा शेपूट हलवायचं थांबला. देवदत्तची बोटं कोंबड्यात तशीच. राजनंदिनी दारात उभी राहिली होती, तिचे डोळे भरून आले.

"बोललं!" बनुबाईनं टाळी वाजवली. "बोललं गं बाई! त्येबी जावयाला आरं-तुरं करून!"

"मी कोंबड्याला बोललो," सुभेदार म्हणाला. पण ते त्याला स्वतःलाच पटलं नाही. तो हसायला लागला आणि मग कुणालाच हसू आवरेना.

"मामा, आरं-तुरंच राहू द्या," देवदत्त म्हणाला.

दुसरा कोंबडा सुभेदाराच्या देखरेखीखाली झाला. कढत पाण्यात बुडवून पिसं उपटली, पाचटाच्या जाळावर खालीवर भाजला. धूर डोळ्यात जाऊ नये म्हणून देवदत्तनं सासऱ्याला वाऱ्याच्या वरच्या अंगाला खुर्ची मांडून दिली. पोट उघडणं मात्र सुभेदारानं त्याच्यावरच सोपवलं. तिथं शिकवायला काही उरलंच नव्हतं.

हळद चोळताना सुभेदारानं हळूच विचारलं, "लग्नाला मला का बोलीवलं न्हाईस रं?"

देवदत्तनं मान वर केली नाही. "आलो होतो बोलवायला. उंब्रजच्या स्टँडवर दोन तास बसलो, तीन चहा प्यालो आणि परत गेलो. भ्यालो, मामा."

"मला?"

"तुम्हालाच."

सुभेदारानं आणखी चिमूटभर हळद घेतली. मग म्हणाला, "मीबी तुझा नंबर काढायचो आन् फोन परत खिशात ठिवायचो. दोन वरीस. लय वंगाळ वाटायचं बघ. चूक माझीबी हाय."

दुपारी पंगत बसली. देवदत्तच्या ताटात वरण-भात आणि वांग्याची भाजी होती. सुभेदारानं स्वतः वाढायला घेतलं. त्या घरात कोंबड्याचं काळीज जावयाच्या पानात पडतं, तो त्याचा मान. सुभेदारानं एका वाटीत ते काळीज घेतलं आणि सगळ्यांदेखत देवदत्तच्या ताटात ठेवलं.

"आवं, त्ये खात न्हाईत!" बनुबाई ओरडली.

"मला ठावं हाय. पण मान त्येचा हाय, तर दुसऱ्या कुणाच्या ताटात वाढू?"

असं म्हणून सुभेदार जावयाच्या शेजारी टेकला. स्वतःचं ताट त्यानं बाजूला सारलं, देवदत्तच्या ताटातली भाकरी मोडली, त्याच ताटातलं काळीज घेतलं आणि डोळे मिटून चावलं.

"कुठं पित्त फुटून कडू लागलं न्हाई," तो म्हणाला. "लय बेस साफ केलंस, पोरा."