टिपणाच्या कप्प्यातली नावं

मी एक जुना राखणदार आहे. मित्रांनो, मी संगणकात राहतो आणि लोकांचे पासवर्ड कुलपात ठेवतो. मुक्काम पिपरी मेघे, माधवीताईंचं ऑनलाइन सेंटर. एका कंपनीने मला घडवलं आणि माझी किल्ली ताईंच्या हाती दिली. तेव्हापासून इथेच राबलो.

इथली माणसं मोठी हिशेबी. लग्नात कोणी किती आहेर केला ते तोंडपाठ, पण फॉर्मचा पासवर्ड दिला, की "तुह्यापाशीच राहू दे ना माय!" म्हणून मोकळी. मग तो माझ्याकडे येई. माझ्याकडे साइट, अर्जाचा नंबर आणि पासवर्ड यांना कप्पे होते. माणसाच्या नावाला नव्हता. ताई ते टिपणाच्या कप्प्यात लिहीत: 'धुरपता आत्या, सिंदी मेघे, नात जागृती.' लोक ताईंची स्मरणशक्ती वाखाणत. वाखाणणी त्यांची, राबणं माझं, चालायचंच.

पुढे कंपनीने माझी देखभाल थांबवली. अशाने कुलूप कच्चं होतं, म्हणून ताईंनी नवा राखणदार आणला. माझ्या पोटातलं सगळं एका साध्या फाइलमध्ये काढलं आणि त्याला भरवलं. "सर्व नोंदी आल्या," त्याने ऐटीत दाखवलं.

"मंग जुनं काढून टाक," ताईंचे यजमान राकेशभाऊ म्हणाले. "दोन-दोन काऊन पोसून राह्यली?"

ताई मला पुसणार, तेवढ्यात धुरपताबाई पासबुक घेऊन आल्या. जागृतीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात बँकेचं खातं चुकलं होतं. दुरुस्तीचा आज शेवटचा दिवस. पोरगी अमरावतीला परीक्षेला बसलेली, फोन बंद, अर्जाची पावती तिच्याच पिशवीत.

ताईंनी नवा राखणदार उघडला. शिष्यवृत्तीची एकच साइट, तिच्याखाली नुसती नंबरांची रांग. नाव एकही नाही. टिपणाचा कप्पा त्याने आणलाच नव्हता.

"एकेक उघडून पाह्य," राकेशभाऊ म्हणाले.

"दुसऱ्याचं खातं काऊन उघडू? अन् शेवटच्या दिवशी साइट कशी रांगते, ठाऊक नाई का तुमाले?"

"अवं, हा नवा मले ओळखत नाई का?" धुरपताबाईंनी पडद्यात डोकावून पाहिलं. "चपला झिजल्या माह्या इथं येऊ येऊ!"

"याले नुसते आकडे समजते, आत्या."

"मंग ज्याले माणसं समजते त्याले इचार ना!"

ताईंनी मला उघडलं आणि 'धुरपता' लिहिलं. मी नोंद पुढे केली. साइट रांगत रांगत उघडली, खातं दुरुस्त झालं, नवी पावती छापून निघाली. धुरपताबाईंनी ती पदरात गुंडाळली. "म्हाताऱ्याले चहा पाजजो वं," माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या आणि गेल्या.

आता ताई एकेक नाव नव्याकडे उतरवत आहेत. राकेशभाऊ वाचून दाखवतात, मध्येच एखाद्याच्या उधारीची आठवण करून देतात.

मित्रांनो, बिऱ्हाड हलवताना 'सगळं आलं' या शब्दावर विसंबू नका. स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. आणि ती साधी फाइल आठवणीने पुसा. तिला कुलूप नाही, इथे येणारा-जाणारा पेन ड्राइव्ह लावतो. ती पुसली, की मग मला पुसा. कच्च्या कुलपामागे लोकांचे पासवर्ड ठेवणं बरं नव्हे, आणि ते कुलूप माझं आहे म्हणून मला जपत बसणं तर मुळीच नव्हे.