रोलर ओढला त्या रविवारी

विश्वास ठेवू नका. हे ऐकून ज्यांनी आजवर माना डोलावल्या, त्यांच्या अकलेची मलाच शंका येते. पण लिफ्टच्या रांगेत बसलाच आहात, नंबर यायला वेळ आहे, तर ऐका.

हा दवाखाना कंत्राटदाराने बांधला. डॉक्टर वरच्या मजल्यावर आणि जिना असा उभा की शेळीलाही घाम फुटावा. लिफ्टसाठी नुसती खोल पोकळी ठेवली. तिचे पैसे कुठे गेले ते त्याच्या नव्या बंगल्याला विचारा. म्हातारी माणसं खालच्या पायरीवर बसायची आणि डॉक्टर वरून ओरडून औषधं सांगायचे. शेवटी आमच्या शेजार मंडळाने ठरवलं, वर्गणी काढून लिफ्ट बसवायची. मंडळ म्हणजे अध्यक्ष शिंपीणबाई, एक निवृत्त पोस्टमन, कुलूपवाला, आमची ही, आणि घड्याळं दुरुस्त करणारा मी. सगळ्यांचे दात एकत्र केले तर कसाबसा एक जबडा भरेल.

कंत्राटदार हसत हसत बाईंच्या दुकानात आला. "काकू, कशाला दारोदार फिरता? लिफ्ट मी देतो. फक्त उद्घाटनाला सगळ्यांसमोर बोला, की इमारत उत्तम बांधली आहे."

बाईंनी तोंडातली टाचणीसुद्धा काढली नाही. "ज्याच्या कामाला नावं ठेवतो, त्याचा पैसा आम्ही घेत नाही. आणि खोटं बोलायला मंडळात एकच माणूस आहे, हा घड्याळवाला. तो फुकट बोलतो."

कंत्राटदार लालबुंद झाला. बाहेर त्याचाच रोलर रस्ता दाबत होता. "तो रोलर ओढून दाखवा, मग लिफ्टच्या गप्पा मारा!"

"ओढू की," बाई म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत भिंतीभिंतीवर कागद लागले. 'मंडळ रविवारी रोलर ओढणार. तिकीट घ्या. हलला नाही तर पैसे परत.'

मी कपाळावर हात मारला. "अहो बाई, पैसे परत कशाला लिहिलंत?"

"कबूल केलेलं द्यायचं नाही आणि पैसे ठेवून घ्यायचे? मग त्याच्यात आणि आपल्यात फरक काय?"

तिकिटं धडाधड खपली. अर्ध्या गावाला आम्ही तोंडावर आपटलेलं बघायचं होतं. लिफ्टपुरते पैसे जमले, पण रोलर हलला तरच ते आमचे. रविवारी कंत्राटदाराने ड्रायव्हरला सगळ्यांदेखत बजावलं, "ब्रेकवरचा पाय काढलास तर नोकरी गेली समज."

आम्ही दोर धरला. पहिल्या हिसक्याला पोस्टमनच्या चपला मागेच राहिल्या. दुसऱ्याला कुलूपवाल्याची कंबर अशी वाजली, की लोकांना वाटलं कुलूपच उघडलं. रोलर ढिम्म. कंत्राटदार खुर्ची टाकून शेंगदाणे खात होता. मग मी दोर दातांत धरला.

"कुठल्या दातांत?" इथे लिफ्टच्या रांगेतून आमची ही.

"समोरच्या. तू मध्ये बोलू नकोस."

तर दोर दातांत धरला, डोळे मिटले आणि ओढला. दोरातून धूर निघाला. पायाखालचं डांबर सतरंजीसारखं गोळा झालं. आणि रोलर हलला! हलला तो थांबेचना. बाकीचे दोर सोडून टाळ्या पिटत होते, मी एकटा त्याला बाजारातून ओढत थेट दवाखान्याच्या फाटकाशी...

"खोटं! साफ खोटं!"

रांगेच्या टोकाला रोलरचा ड्रायव्हर उभा होता, आपल्या आईचा हात धरून.

"आजोबा, तसूभरही हलवला नाहीत तुम्ही. ब्रेक मी सोडला, गिअरही मीच टाकला. त्या पायरीवर माझी आई बसायची."

"हळू बोल, शहाण्या," मी कुजबुजलो. "नोकरी घालवशील."

"मालकाला सकाळीच तोंडावर सांगून आलोय," तो आणखी मोठ्याने म्हणाला. "आता तुम्ही तरी खरं सांगा!"