ठसका आढळला नाही

मंठ्याहून वाटूरकडं जाताना लागणारं आमचं गाव. गावाला नवीनच नगरपंचायत झालेली, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी भुजंगरावांचं मसाला कांडप. फेब्रुवारी सरत आला की आजूबाजूच्या खेड्यांतल्या बाया वर्षाची मिरची वाळवून, भाजून, डबे भरून तिथं यायच्या, आणि मे संपेपर्यंत आमची सगळी गल्ली रडायची. रडायची म्हणजे डोळ्यांनी. मनानं आम्ही ठीक होतो.

गल्लीतल्या प्रांजलीला बघायला पाहुणे आले तो दिवस तर सगळ्यांच्या लक्षात आहे. चहा यायच्या आत मुलाचा बाप, मामा आणि मध्यस्थ रुमाल काढून बसले. प्रांजलीचे वडीलही डोळे पुसत होते. मुलाच्या आईला वाटलं, पोरगी सासरी जाणार म्हणून यांना आत्ताच भरून आलं. इतकी हळवी माणसं आजकाल कुठं मिळतात, म्हणून तिनं तिथंच होकार दिला. पण कांडपानं गल्लीचं भलं केल्याचं हे एकच उदाहरण. एरवी निस्ता वैताग.

सगळ्यात जास्त वैतागल्या होत्या आसराबाई. त्यांचं घर कांडपाला लागून, आणि दारात अकरा शेळ्या. शेळीला नेमकी धार काढतानाच शिंक यायची. शेळी शिंकली की लाथ मारायची, लाथ बसली की दूध सांडायचं. आसराबाईंनी एक दिवस दुधाचं रिकामं भगुनं तसंच हातात घेतलं, नगरपंचायतीत गेल्या आणि तक्रारीचा अर्ज देऊन आल्या.

अर्ज आला स्वच्छता निरीक्षकांच्या टेबलावर. निरीक्षक नवीन होते, सुग्रीव नावाचे. माणूस वाईट नव्हता. रोज जालन्याहून एसटीनं यायचा, एसटीनंच परत जायचा आणि निम्मं आयुष्य खिडकीला डोकं टेकून झोपेत घालवायचा. गावात खोली मिळत नव्हती. मिळाली तर तिला नळ नसायचा, आणि त्यांच्या बायकोनं, रेणुकानं, स्पष्ट सांगितलं होतं, "जिथं नळ न्हाई तिथं मी न्हाई."

ही गोष्ट भुजंगरावांच्या कानावर गेली. त्यांच्या कानावर सगळंच जायचं, कारण मिरची कुटायला येणारी बाई गप्प बसत नाही. सुग्रीव शनिवारी संध्याकाळी कांडपाचा परवाना बघायला आले, तेव्हा मशीन नुकतंच बंद झालं होतं. भुजंगरावांनी त्यांना खुर्ची दिली नाही, सरळ जिन्यानं वर नेलं.

"जरा वर बसू साहेब. खाली धूळ हाय."

कांडपाच्या डोक्यावर दोन खोल्या होत्या. पांढरी फरशी, भिंतीला आकाशी रंग, खिडकीत नवा कोरा कूलर. सुग्रीवांनी मोरीतला नळ सोडला. पाणी आलं. त्यांनी तो बंद केला आणि पुन्हा सोडला. पुन्हा आलं.

"बोअरचं हाय," भुजंगराव म्हणाले. "चोवीस तास."

"भाडं?" सुग्रीवांनी नळाकडं बघतच विचारलं.

"तुमच्याकडून भाडं घेऊन मी कुठं जाऊ साहेब? जागा रिकामी राहून खराब होऊन राह्यली. तुम्ही वहिनींना घेऊन आले तर उलट माझ्यावरच उपकार."

"आणि ते अर्जाचं..."

"त्याच्यात तुम्ही बिलकुल खरं असंल तेच लिवा. पाहणीला फक्त उद्या या. रविवारी इथं शांत असतं."

सुग्रीवांना सगळं समजलं. पण नळाचं पाणी अजून चालूच होतं, आणि त्या आवाजात माणसाला दुसरं काही नीट ऐकू येत नाही.

रविवारी ते आले. मशीन बंद, शटर अर्धं ओढलेलं. गल्लीच्या मधोमध उभं राहून त्यांनी डोळे मिटले आणि पोट बाहेर येईपर्यंत मोठा श्वास घेतला. आसराबाई दारातून बघत होत्या.

"साहेब, आज मशीन बंद हाय. उद्या धा वाजता या, मंग घ्या श्वास."

"मावशी, पाहणीची तारीख आजची आहे," सुग्रीव म्हणाले आणि त्यांनी शेजारी लावलेल्या कुणाच्या तरी मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून लिहिलं, 'समक्ष पाहणी केली. परिसरात ठसका आढळला नाही. परवान्यास हरकत नाही.'

भुजंगरावांनी त्या अहवालाची नक्कल काढून फ्रेम केली आणि मशीनच्या वर, देवांच्या फोटोशेजारी लावली. कुणी बाई खोकली की ते बोट वर करून दाखवायचे. "सरकारनं लिवून दिलंय, ठसका न्हाई."

बुधवारी सामान आलं. रेणुका घरात फिरली, नळ सोडून बघितला आणि खूश झाली. "इतकं चांगलं घर, अन् तुम्ही तीन महिने म्हणून राह्यलते की भेटत न्हाई!" सुग्रीवांनी कूलर चालू केला. दिवसभर आपण ऑफिसात असू, घरात काय होतं ते फारसं कळणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. ऑफिस कांडपापासून फक्त शंभर पावलांवर आहे, हे त्यात धरायचं राहून गेलं.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता खाली मशीन सुरू झालं. आधी फरशी थरथरली. मग कपबशा वाजल्या. मग खिडकीतल्या कूलरनं बाहेरची हवा आत ओढली आणि ती रेणुकाच्या तोंडावर सोडली. ती पोहे परतत होती. तिला शिंक आली. सुग्रीव दाढी करत होते. त्यांनाही आली, आणि मिशीचा एक कोपरा गेला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि दोघं एकदम शिंकले.

"सर्दी झाली वाटतं," सुग्रीव म्हणाले.

"दोघांना? एकाच मिनिटात?"

आठवड्याभरात त्या घरातलं सगळं तिखट झालं. चहा तिखट, उशा तिखट, धुतलेला टॉवेल तर सगळ्यात तिखट. आंघोळ करून अंग पुसलं की सुग्रीव घरभर नाचायचे. एरवी कामानं थकलेला माणूस, पण टॉवेल लावल्यावर त्यांच्या अंगात जी चपळाई यायची ती बघण्यासारखी असायची, असं रेणुकानंच नंतर सांगितलं.

ऑफिसात ते लाल डोळ्यांनी येऊ लागले. आवक-जावक बघणारे कारकून तातेराव मायाळू गृहस्थ. त्यांनी एक दिवस खुर्ची जवळ ओढली. "साहेब, घरी काही प्रॉब्लेम?"

"न्हाई हो."

"मन मोकळं करा. वहिनी बोलतात का काही?"

सुग्रीवांच्या डोळ्यांतून तेवढ्यात धार लागली. तातेरावांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि दुपारपर्यंत गावभर झालं की निरीक्षकसाहेबांना बायको मारते.

शेवटी ते भुजंगरावांकडं गेले. मशीनच्या आवाजात ओरडून म्हणाले, "थोडं कमी करता येईल का?"

"काय कमी करायचं?"

"हे... हवेत जे आहे ते."

"हवेत काय हाय साहेब?" भुजंगरावांनी बोट वर केलं. "तुमचीच सही हाय."

सुग्रीवांनी आपली सही बघितली. सही चांगली आली होती. ते शिंकले.

"सर्दी दिसती," भुजंगराव काळजीनं म्हणाले. "मध पाठवून देतो."

इकडं रेणुका दूध आणायला आसराबाईंकडं जायला लागली होती. आसराबाईंनी पहिले दोन-तीन दिवस तिला नीट दूधच दिलं नाही. चौथ्या दिवशी त्यांना तिची कीव आली.

"काय माय, डोळे बघ कसे झाले तुझे. तुझ्या नवऱ्यानं त्या रविवारी नाक वर करून लिवून दिलं ना, त्याची फळं हायेत ही."

"कुठल्या रविवारी मावशी?"

आसराबाईंनी सगळं सांगितलं. रेणुका दूध तिथंच विसरून घरी आली.

"हे घर आपल्याला कसं भेटलं?" तिनं विचारलं.

सुग्रीवांनी भुजंगरावांचा स्वभाव किती चांगला आहे ते सांगायला सुरुवात केली. रेणुका कमरेवर हात ठेवून उभी राहिली. त्यांचं सांगणं हळूहळू बारीक होत गेलं आणि बंद पडलं.

"नळासाठी केलं," ते म्हणाले. "तूच म्हणली होती."

"मी नळ मागितल्ता. गल्लीभर लोकांचे डोळे न्हाई मागितले."

एवढं म्हणून ती विसरलेलं दूध आणायला पुन्हा आसराबाईंकडं निघून गेली. सुग्रीव सांगतात, ती भांडली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायांनी नवा अर्ज लिहिला. पहिली पाहणी खोटी आहे, पुन्हा पाहणी व्हावी. खाली एकोणचाळीस सह्या, आणि पहिली सही रेणुकाची. पत्ता, 'भुजंगराव यांच्या कांडपाच्या वर.' तातेरावांनी नियमाप्रमाणे त्यावर शिक्का मारला, एक प्रत मुख्याधिकाऱ्यांकडं पाठवली आणि मूळ अर्ज सुग्रीवांच्या टेबलावर ठेवला. सही वाचून त्यांनी पुन्हा एकदा साहेबांच्या पाठीवरून हात फिरवला.

अर्जदाराला पाहणीची नोटीस आदल्या दिवशी हातात द्यावी लागते. सुग्रीव नोटीस घेऊन स्वतःच्या घरी गेले. रेणुकानं त्यांना उंबऱ्याबाहेरच थांबवलं.

"कोण?"

"अगं, मीच."

"ऑफिसच्या कामानं आले का घरच्या?"

"...ऑफिसच्या."

"मंग थांबा." तिनं चष्मा आणला, नोटीस दोनदा वाचली, पोच म्हणून सही केली. सुग्रीव हळूच म्हणाले, "मागं घे ना अर्ज. माझी नोकरी जाईल."

"तुम्ही खरं लिवा. नोकरीचं मंग बघू. माझे हात हायेत अजून." एवढं बोलून तिनं दार लावलं. पुन्हा उघडून म्हणाली, "जेवायला या वेळेवर."

पाहणीला मुख्याधिकारी अक्षता मॅडम स्वतः आल्या. वयानं लहान, बोलायला कमी. त्यांची जीप गल्लीत वळताना दिसली तशी भुजंगरावांनी मशीन बंद केलं आणि हात जोडून बाहेर आले.

"काय करावं मॅडम, लाईट गेली!"

पण रांगेत पंधरा-सोळा बाया डबे घेऊन बसल्या होत्या. सगळ्यात पुढं जांब समर्थ गावच्या चतुराबाई, सोबत सात किलो मिरची.

"लाईट कुठं गेली?" चतुराबाई म्हणाल्या. "पंखा चालू हाय की!"

सगळ्यांनी वर बघितलं. पंखा फिरत होता. भुजंगराव डोळे मोठे करून त्यांना खुणावू लागले.

"मला काय डोळे दाखवतो? तीनची यष्टी हाय माझी!" म्हणत त्या उठल्या आणि त्यांनी स्वतःच बटण दाबलं. मग दांडगाईनं आपला सगळा डबा एकदम ओतला.

लाल ढग उठला. जीपचा ड्रायव्हर शिंकला, मॅडम शिंकल्या, शेजारच्या अकरा शेळ्या शिंकल्या. तातेराव पंचनामा लिहीत होते, त्यांच्या डोळ्यांतलं पाणी कागदावर पडून 'पंच क्रमांक एक' पुसून गेला. पंच क्रमांक दोन केव्हाच पळाले होते. फक्त सुग्रीव ताठ उभे होते. दात आवळलेले, मान फुगलेली, चेहरा वांग्यासारखा. आपण लिहिलेला शब्द ते शरीरानं सांभाळत होते.

मॅडमनी पदर नाकाला लावून विचारलं, "निरीक्षक, हा ठसका मागच्या पाहणीत नव्हता?"

सुग्रीवांनी 'नव्हता' म्हणायला तोंड उघडलं, आणि इतके दिवस साठलेलं सगळं बाहेर आलं. पहिल्या शिंकेला टोपी गेली. तिसऱ्या शिंकेला त्यांनी तातेरावांचा खांदा धरला. बायांनी मोजायला सुरुवात केली, आणि चौदापर्यंत मोजल्यावर ते खाली पायरीवर बसले.

"होता मॅडम," ते म्हणाले. आवाज अगदी लहान मुलासारखा झाला होता. "मी बंद मशीनची पाहणी केली. ह्या घरासाठी केली. वरती राहतो मी. भाडं देत न्हाई."

कुणीतरी मशीन बंद केलं. गल्ली एकदम शांत झाली.

"साहेब, हे काय बोलून राह्यले!" भुजंगराव म्हणाले, पण त्यांच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते कशाचं होतं ते कुणाला कळलं नाही. मॅडमनी तातेरावांना सांगितलं, "जसं बोलले तसं लिहा." जिन्यावरून रेणुका तांब्या घेऊन खाली आली आणि तिनं नवऱ्याला पाणी दिलं.

सुग्रीवांचं निलंबन झालं, चौकशी बसली. लाच घेणाऱ्याबरोबर देणाऱ्यावरही तक्रार गेली आणि भुजंगराव वकिलाकडं खेटे घालू लागले. कांडप गल्लीतून उठलं. महिन्याभरानं ते गावाबाहेर माळावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुरू झालं, धूळ धरायची पिशवी आणि उंच धुराडं लावून. मधल्या काळात रेणुकानं आसराबाईंची मागची खोली भाड्यानं घेतली. खोलीला नळ नाही. सकाळी सुग्रीव हंडे भरतात आणि शेळ्यांच्या मधून वाट काढत आणतात. अहवालात काय लिहावं यापेक्षा हे सोपं आहे, असं ते म्हणतात. रेणुका चतुराबाईंच्या ओळखीनं मसाले भाजून द्यायचं काम करते.

मेच्या शेवटी वर्षाचं तिखट करायची वेळ आली. भुजंगरावांसारखं बारीक आणि लालभडक कुणी कुटत नाही, हे त्यांच्यावर चिडलेल्यांनाही मान्य होतं. रेणुका माळावर रांगेत उभी राहिली, मागं सुग्रीव डबा घेऊन. नंबर आला तेव्हा दोघं पुरुष एकमेकांसमोर आले आणि दोघांनीही डब्याकडं बघितलं.

"खडा मसाला यातच टाकू का येगळा?" भुजंगरावांनी विचारलं.

"यातच," सुग्रीव म्हणाले. "आणि पावती द्या."

"पावती? मिरचीची?" भुजंगराव हसायला लागले. "तुमच्याकडून काय घ्यायचं साहेब..."

"न्हाई न्हाई," सुग्रीव दचकून एक पाऊल मागं सरले. "घ्या. सगळ्यांकडून घेता तेवढेच घ्या."

पावतीपुस्तक नव्हतंच. भुजंगरावांनी पिठाच्या जुन्या कागदी पिशवीचा तुकडा फाडला आणि त्यावर पेनानं, जीभ बाहेर काढून, सावकाश लिहून दिलं. मागं रांगेतल्या बाया ओरडत होत्या, पण रेणुका हलली नाही. अक्षर लागतंय का ते तिनं उजेडात धरून बघितलं, कागदाची घडी करून पाकिटात टाकली, आणि मग म्हणाली, "हं. आता ओता."