थांबायला कुणीतरी हवं

रत्नाकर सबनिसांना कंपवात झाला, तेव्हा हात थरथरण्याचं त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. चहा बशीत सांडायचा, सही वाकडी यायची. तेवढं चालवून घेता येत होतं. जीव खाल्ला तो पायांनी. चालता चालता पाय मध्येच थिजायचे, तेही नेमके दाराशी. वरचं अंग पुढे निघालेलं आणि खाली दोन्ही पाय फरशीला चिकटलेले. मग प्रेमलाताई समोर उभ्या राहून म्हणायच्या, "डावा... हं, आता उजवा..." आणि एखाद्या मिनिटाने गाडी हलायची.

नाशिकहून तरुणपणी देवासला येऊन त्यांनी सगळी नोकरी कारखान्यात मशीनपुढे उभं राहून केली होती. अशा माणसाला बायकोने पाऊल टाकायला शिकवावं, याची त्यांना फार लाज वाटे. निदान ती बायको तरी होती. सून कोमल समोर असली की ते उठतच नसत.

कोमल धार जिल्ह्यातल्या मनावर गावची. शाळेत गणित शिकवायची. माहेरी मराठीच बोलत, पण शिक्षण सगळं हिंदीत, त्यामुळे तिचं वाक्य मराठीत सुरू होऊन हिंदीत संपायचं. सासऱ्यांशी तिचं वाकडं काहीच नव्हतं. फक्त दोघांचं बोलणं प्रेमलाताईंमार्फत चाले. "बाबांना विचारा ना, पोहे देऊ का." "तिला सांग, अर्धी बशी पुरे." आजार आल्यावर तर ते आणखीच आक्रसले. एकदा प्रेमलाताई देवळात गेल्या असताना सदऱ्याची बटणं लागेनात, तर ते तासभर छाती पंचाने झाकून बसून राहिले. कोमल शेजारच्याच खोलीत वह्या तपासत होती.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, मोकळ्या सपाट जागी चालवा, जिथे गाड्या नाहीत. म्हणून मुलगा विपुल एका रविवारी आईवडिलांना क्षिप्रेच्या काठी घेऊन गेला. तिथे नदीला लागून नवा काँक्रीटचा रस्ता झाला होता. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला वनखात्याने तारेचं कुंपण घातलेलं रान. कुंपणाआड बाभळी, खाखरे म्हणजे पळस, आणि सकाळच्या वेळी पाण्यावर येणारे रोजडे, म्हणजे नीलगाई. मोटरसायकली आत शिरू नयेत म्हणून रस्त्याच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवले होते.

त्या खांबांमधल्या फटीतच रत्नाकररावांचे पाय थिजले. मागे माणसं खोळंबली. प्रेमलाताईंचं "डावा, उजवा" सुरू झालं. ते ऐकून लोक बघायला लागले आणि रत्नाकररावांच्या कानशिलांना घाम सुटला. शेजारी भाड्याच्या सायकली उभ्या होत्या. एक अगदी हाताशी, बिनदांडीची. त्यांनी आधाराला म्हणून तिचं हँडल धरलं, आणि काय वाटलं कोण जाणे, कडेच्या दगडावर टेकून सीटवर बसले, पायाने दगडाला रेटा दिला आणि निघाले.

"अहो!" प्रेमलाताई किंचाळल्या. विपुल मागे धावला. सायकलवाला भगवंत ओरडला, "काकाजी, संभल के!"

पण सायकल सरळ जात होती. डुगडुगली नाही की कडेला गेली नाही. पायडल एकसारखं फिरत होतं. वळणापर्यंत जाऊन ते परत आले, तेव्हा त्यांचा चेहरा विपुलला ओळखू येईना. विपुलने कॅरियर धरलं, प्रेमलाताईंनी दंड धरला, तेव्हा ते उतरले.

"पाय चालतात गं माझे," ते म्हणाले. "चालतात!"

इंदूरच्या डॉक्टरांना याचं नवल वाटलं नाही. चालणं अडतं पण सायकल चालवता येते, असं या आजारात पुष्कळदा दिसतं, ते म्हणाले. मात्र रहदारीत नाही आणि एकट्याने तर मुळीच नाही. चढताना आणि थांबताना जपायचं, कारण सायकल थांबली की पाय पुन्हा थिजणार.

मग दर रविवारी हाच नेम झाला. चढवताना विपुल आणि उतरवताना प्रेमलाताई. खांबांजवळच्या बाकाशी त्या उभ्या राहायच्या आणि ते आले की दंड पकडायच्या. रत्नाकररावांना आठवडाभर दुसरं काही सुचत नसे.

माघातल्या एका रविवारी मात्र प्रेमलाताई भाचीच्या डोहाळजेवणासाठी धारला गेल्या होत्या, आणि विपुलला सकाळीच कारखान्यातून बोलावणं आलं. रत्नाकरराव बूट घालून दिवाणखान्यात बसले होते.

"मी घेऊन जाते ना बाबा," कोमल म्हणाली. "मला कार येते."

नाही म्हणायला त्यांच्याजवळ कारण नव्हतं. वाटेत ते खिडकीबाहेर बघत बसले. पोचल्यावर भगवंतने त्यांना दगडावरून सायकलवर बसवून दिलं.

"मी उतरेन माझा," ते कोमलकडे न बघता म्हणाले. "तू बाकावर बैस."

"आई तर धरतात तुम्हाला."

"तिला उगाच काळजी. बैस तू."

कोमल बसली. ऊन कोवळं होतं, पाण्यावर टिटव्या ओरडत होत्या. सासरे वळणाआड गेले, परत आले, तिच्या समोरून वळले आणि पुन्हा गेले. इतके सरळ, इतके ऐटीत बसलेले ते तिने कधी पाहिले नव्हते. घरातला भिंतीला धरून सरकणारा माणूस हाच का, असं तिला वाटलं. तिने त्यांचा एक फोटोही काढून विपुलला पाठवला.

पुढच्या फेरीला ते थोडे दमलेले दिसले. त्याच्या पुढच्या फेरीला सदरा पाठीला चिकटला होता.

"बाबा, बस झालं ना? थोडं पाणी?"

"एक फेरी अजून," म्हणत ते गेले.

ऊन वर आलं. भगवंत दूर कुणाची तरी चेन बसवत होता. ते परत येताना दिसले तेव्हा सायकलचा वेग फार कमी झाला होता आणि पुढचं चाक थोडं हलत होतं. तोंड लाल. बाकासमोरून जाताना ते पुटपुटले. तिला वाटलं, काही मागतायत. ती उठून मागे गेली.

"काय बाबा?"

"उतरता येत नाही मला," ते म्हणाले, समोरच बघत.

कोमलला क्षणभर काही कळलंच नाही. मग सगळंच कळलं. हा माणूस मजेसाठी फिरत नव्हता. तिने हात लावायला नको म्हणून गेला अर्धा-पाऊण तास तो पायडल मारत राहिला होता.

ती सायकलच्या बाजूने पळायला लागली. चपला निसटल्या, तशीच अनवाणी पळाली. "थांबा, मी धरते!"

"थांबलो की पडेन."

तिने त्यांच्या दंडाकडे हात नेला. त्यांनी कोपर आत ओढून घेतलं. सायकल नदीच्या बाजूला झुकली, सावरली आणि पुढे गेली.

"बाबा!" कोमल वर्गात ओरडते तशी ओरडली. "शरम बाद में करना! अभी हाथ दीजिए!"

देवासला आल्यापासून रत्नाकररावांवर असं कुणी ओरडलं नव्हतं. त्यांनी कोपर सैल सोडलं. तिने एका हाताने कॅरियर ओढलं, दुसरा हात त्यांच्या कमरेभोवती घातला आणि खांदा त्यांच्या पाठीला लावून सगळा भार अंगावर घेतला. सायकल थांबली, तिरपी झाली आणि दोघांच्या पायांमधून सुटून खडखडत आडवी पडली. ते दोघं मात्र उभे होते. एकमेकांना धरून, धापा टाकत.

पाय अर्थातच थिजले होते.

"आता डावा, उजवा म्हणू?" तिने विचारलं.

"नको. ते ऐकलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं."

"मग?"

"पुढ्यात काही आडवं असलं तर ओलांडता येतं. घरात फरशीच्या रेघेवरून टाकतो कधीकधी."

कोमलने आपला पाय त्यांच्या पावलांपुढे आडवा धरला. "टाका यावरून."

"छे! सुनेचा पाय ओलांडू?"

"अनवाणी आहे, स्वच्छ आहे," ती म्हणाली, आणि त्यांना एकदम हसू फुटलं. हसता हसताच डावा पाय उचलला गेला आणि तिच्या पायापलीकडे पडला. तिने पाय पुढे सरकवला. उजवाही आला. असं करत करत ते बाकापर्यंत पोचले.

पाणी पिऊन झाल्यावर ते नदीकडे बघू लागले.

"तुला काय वाटेल, असं वाटायचं," ते म्हणाले. "सासरा म्हणजे कसा, घरातला मोठा माणूस. त्याला तू धरून चालवायचं."

"मला काय वाटायचं सांगू?" कोमल म्हणाली. "वाटायचं, मी तुम्हाला पसंत नाही. तुम्ही कधी डायरेक्ट बोलतच नाही माझ्याशी. बटणसुद्धा लावू देत नाही. मला माहीत होतं त्या दिवशी. मी दरवाज्यापर्यंत येऊन परत गेले."

हात थरथरत होता, तो त्यांनी नेहमीसारखा मांडीखाली दाबला नाही, तसाच राहू दिला.

"मनावरला तुमच्याकडे नदी आहे ना गं?" शेवटी त्यांनी विचारलं. तिच्या माहेराबद्दल त्यांनी विचारलेला हा पहिलाच प्रश्न.

"आहे ना. मान नदी. पर ऐसा रास्ता नहीं है बाबा." आणि मग ती सांगत सुटली, नदीवरचा पूल, वडिलांचं कापडाचं दुकान, भावाने तिला सायकल कधी शिकूच दिली नाही ते. ते ऐकत होते. परत जाताना कारमध्येही तीच बोलत होती.

रात्री जेवणाआधी धारहून प्रेमलाताईंचा फोन आला. "गेला होतात का? कुणी उतरवलं?" त्यांनी काळजीने विचारलं.

"कोमलने."

"धरू दिलंत?"

"ओरडली माझ्यावर. हिंदीतून," रत्नाकरराव म्हणाले. "आणि ऐक, पुढच्या रविवारी तू बाकावर संत्री घेऊन बैस. मला सवड नाही. तिला सायकल शिकवायची आहे."