मामाच्या गावावरून गेलेली गाडी

रविवारी सकाळी सहाला दहा मिनिटं कमी असताना मलकापूर स्टेशनात लष्कराची एक गाडी थांबली. पंचफुलाबाई हिवाळे यांनी तिसऱ्या बोगीच्या दारात उभ्या असलेल्या आपल्या मुलाच्या हातात जेवणाचा डबा दिला. चार शब्द बोलणं झालं, गाडी हलली आणि भुसावळच्या दिशेनं निघून गेली.

त्याच वेळी त्यांचा मुलगा, तोफखान्यातला नायक देवानंद हिवाळे, मध्य प्रदेशात बैतूलच्या घाटात होता. तो खिडकीला डोकं टेकवून बसला होता आणि माय अजून फलाटावर उभी असेल का, याचा विचार करत होता.

पलटण हलते तेव्हा गाडी कुठून जाणार हे घरी सांगायची सक्त मनाई असते, आणि दर खेपेला पोरं घरी सांगतातच. सरळ कुणी सांगत नाही. सिकंदराबादहून निघण्याच्या दोन दिवस आधी देवानंदनं बायकोला, धम्मशीलाला, फोनवर एवढंच म्हटलं होतं, की रविवारी उजाडता मामाच्या गावावरून जाऊन राह्यलो. मामा मलकापूरचा. पुढचं घरच्यांना कळतं. गाडी थांबली तर डबा हातात पडतो, नाही थांबली तर नुसता हात दिसतो. नुसत्या हातासाठीही माणसं रात्रभर फलाटावर बसतात. धाडच्या बाजारगावापलीकडच्या खेड्याहून देवानंदचे आईवडील एसटी बदलत आदल्या संध्याकाळीच मलकापूरला येऊन बसले होते.

पण गाडी नांदेड-अकोल्याकडे न वळता काझीपेटवरून नागपूरकडे नेली गेली. जवानांना ते काझीपेटची पाटी दिसल्यावर कळलं. तोवर सगळ्यांचे मोबाईल जमा झाले होते.

राजस्थानात वाळूतल्या गोळाबारीच्या मैदानावर तंबू लागले. घरी बोलायला आठवड्यातून एकदा, रविवारी, एकच फोन मिळायचा आणि त्याच्यापुढे रांग असायची. पहिल्या रविवारी देवानंदचा नंबर लागला तेव्हा त्यानं माफी मागायची मनाशी जुळवाजुळव केली होती. पंचफुलाबाईंनी त्याला बोलूच दिलं नाही.

"डब्यातलं पिठलं उतरलं तर नव्हतं ना रे?"

टोमणा असणार असं त्याला वाटलं. "माय, गाडी दुसरीकडून नेली. माह्या हातात हाये का ते?"

"काऊन म्हातारीची गंमत करतं? हातात डबा देल्ला म्या तुह्या."

तो हसला नाही म्हटल्यावर तिनं फोन त्याच्या वडिलांना, सहदेवला, दिला. सहदेवनं उभं आयुष्य गवंडीकाम केलेलं. भिंत ओळंब्यात आहे की नाही हे नुसतं बघून सांगणारा माणूस. बोलण्यातही पदरचं काही घालायची त्याला सवय नव्हती. त्यानं पाहिलं ते क्रमानं सांगितलं. गाडीच्या सगळ्या खिडक्या लावलेल्या होत्या. मागच्या खेपेला अशीच गाडी थांबली होती, तेव्हा दारादारांत पोरं लटकलेली, चहावाल्याच्या नावानं बोंबलत होती. या वेळी सबंध गाडीत एकच दार उघडं होतं आणि दारात एकच जण. उंची तीच, भुवईवरची खूण तीच. तो खाली उतरला नाही. दोन्ही हातांनी डबा घेतला आणि म्हणाला, माय, तुले लोणार दाखवाचं राह्यलं, महिन्याच्या शेवटच्या रविवारी येतो, तयार राहा.

लोणार हे देवानंदचं घरातलं जुनं देणं होतं. नोकरीच्या बारा वर्षांत त्यानं लेह पाहिलं, तवांग पाहिलं, कच्छचं रण पाहिलं. बदली होईल तिथं सुटीच्या दिवशी भटकून यायचं आणि फोटो घरी पाठवायचा, हा त्याचा नेम. पंचफुलाबाई ते फोटो गावभर दाखवत आणि मग घरात म्हणत, सारा हिंदुस्थान फोटोत पाह्यला, आपल्या जिल्ह्यातलं लोणार तेवढं नाही पाह्यलं. दर रजेला तो हो म्हणे. एका रजेत घरावर स्लॅब पडला, एका रजेत त्याचं लग्न झालं, एक रजा मामाच्या आजारपणात गेली. जेमतेम अर्ध्या दिवसाची वाट, पण जाणं झालं नाही. ही गोष्ट घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती.

"अजून काय बोलला तो?"

"तो म्हनजे तूच ना?" सहदेव म्हणाला. "घरचा रस्ता इचारला तू."

"मी?"

"मले वाटलं, सिमेंटचा रस्ता झाला म्हून इचारून राह्यला. म्या सांगतला समदा. धाडच्या बाजारापासून डावीकडं, नाल्यावरचा पूल, मंग बुद्धविहार, त्याच्या मांगं निळं दार. तू दोनदा म्हनून दाखवलं. शाळेतल्या पोरावानी."

मागच्या जवानानं खांद्यावर हात ठेवला. वेळ संपली होती.

शेगावचा गोपाल त्याच तंबूत होता. त्यानंही घरी सांगून ठेवलं होतं, त्याचा बापही फलाटावर गेला होता. देवानंदची हकीकत ऐकून गोपालनं आधी टर उडवली. तुह्या मायनं कोन्या टीसीले जेवू घातलं बे, म्हणाला. मग त्याचा चेहरा उतरला. त्याचा बाप त्या दिवशी पहाटेपासून अंगावर उन्हं येईतो शेगावच्या फलाटावर उभा होता. मालगाड्या गेल्या, एक्सप्रेस गेल्या. लष्कराची गाडी थांबली नाही, आणि न थांबता गेलीही नाही. अकोल्याकडून येणारी गाडी शेगाव चुकवून मलकापूरला पोचू शकत नाही, हे त्या मार्गावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

दुसऱ्या रविवारी फोन धम्मशीलानं उचलला. मलकापूरला ती गेली नव्हती, कापूस वेचणीला होती. त्या माणसाला न पाहिलेली घरात ती एकटीच. देवानंदनं तिला हळू आवाजात, शब्द तोलून सांगितलं, की शेवटच्या रविवारी मी येणार नाही, येऊ शकत नाही, गोळाबारी आहे. जो येईल त्याला दारात घेऊ नको. मायला कुठं जाऊ देऊ नको.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमाले एक इचारतो. राजूर घाटात आपली गाडी बंद पडली, तवा आपन काय खाल्लं?"

"कच्चं सीताफळ. तू थुकलं अन् मी तसंच गिळलं, नवा नवरा म्हून."

पलीकडून सुस्कारा ऐकू आला. तिचा विश्वास बसला. सासूबाई मात्र कोणाचं ऐकत नसल्याचं तिनं सांगितलं. त्यांनी ठेवणीतलं लुगडं इस्त्रीला दिलं होतं, शेजारच्या गोजरबाईला शेळ्या सांभाळायला सांगितल्या होत्या. देवा फोनवर थट्टा करतो, रजा मंजूर व्हायची असली की तो असाच करतो, असं त्यांचं म्हणणं.

"मी दारात आडवी होतो," धम्मशीला म्हणाली. "पन तो आला, अन् त्यानं बी सीताफळच सांगतलं तर?"



आता एकच मार्ग उरला होता, तो म्हणजे रजा. आणि रजेसाठी कारण सांगायचं तर गाडीचा मार्ग घरी फोडल्याचं आधी कबूल करावं लागणार होतं. त्यात दंडावरची हुद्द्याची फीत जाते, कधी त्याहून जास्त जातं. गोपालनं त्याला गप्प बसायचा सल्ला दिला. देवानंदनं तीन दिवस तो मानला. चौथ्या दिवशी सकाळच्या हजेरीनंतर तो सुभेदार साहेबांसमोर उभा राहिला आणि सगळं बोलून मोकळा झाला.

सुभेदार साताऱ्याकडचे, निवृत्तीला आलेले. ते आधी रागावलेच नाहीत. अंधारात कुणा भलत्याच पलटणीच्या पोरानं डबा घेतला असेल, म्हणाले. त्यांनी स्वतः उमेदीत परक्या आयांच्या हातचं खूप खाल्लं होतं. माऊली डबा पुढे करते तेव्हा मी तुझा नाही असं सांगायला जीभ रेटत नाही, आणि भुकेपुढे तर नाहीच. भुवईवरची खूण वगैरे म्हातारपणाची नजर. देवानंदनं लोणारचं सांगितलं. ते आईच बोलून गेली असेल, तिला आठवत नसेल, असं त्यांनी धरलं.

"आणि साहेब, त्यानं घरचा रस्ता विचारला. वडिलांनी सांगितला."

यावर सुभेदारांनी डोक्यावर टोपी चढवली. त्यांनी त्याला वरिष्ठांकडे नेलं.

चौकशी सुरू झाली. चौकशी म्हणजे रजा नाहीच. त्यातून निष्पन्न झालं ते इतकंच, की त्या पहाटे अकोला-भुसावळ मार्गावर लष्कराची एकही गाडी नव्हती. मलकापूरच्या त्या फलाटावर ठरलेल्या गाड्यांखेरीज दुसरी कुठली गाडी घेतल्याची नोंदही नव्हती. शेवटच्या शनिवारी सुभेदारांनी आपल्या वजनावर एक गोष्ट करून घेतली. गावाजवळच्या पोलीस ठाण्यात निरोप गेला, की अमुक घरी रविवारी कुणी तोतया येण्याची शक्यता आहे, सकाळीच माणूस पाठवावा.

शिपाई गेला, पण दहा वाजता. निळ्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या गोजरबाई शेळ्यांना पाला टाकत होत्या. तोतया कुठला, त्या म्हणाल्या, देवानंदच आला, दिवस उगवायच्या वक्ताले. गाडी घेऊन आला, मायबापाले अन् बायकोले लोणार दाखवाले घेऊन गेला. मले बी हाक मारली त्यानं नावानं. शिपायानं तसं कळवलं आणि वर पुस्ती जोडली, की मुलगा आईला फिरायला नेतो यात गुन्हा दिसत नाही.

हा निरोप मैदानावर पोचला तेव्हा देवानंद तोफेवर होता. गोळाबारी तीनच्या सुमारास संपली. सुभेदारांनी त्याचा जमा केलेला मोबाईल स्वतः आणून त्याच्या हातात दिला.

धम्मशीलाचा फोन लागत नव्हता. वडिलांचा लागला. वारा वाहत असल्याचा आवाज येत होता.

"बोल रे," सहदेव म्हणाला. आवाज खुशीतला होता. "दमल्या का दोघी? मले इथून कोनी दिसून नाही राह्यलं. झाडी लय हाये."

"बाबा, तुमी कुठं हायेत?"

"अरे वरतीच. गुडघ्यानं पायऱ्या उतरवत नाहीत म्हून तूच तर बसवून गेला. तू खालून फोन करून राह्यला का?"

देवानंदनं एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "बाबा, मी राजस्थानात हाये. मी आलोच नाही."

 मग सहदेवनं, पाहिलेलं क्रमानं सांगायच्या आपल्या सवयीनं, सकाळपासूनचं सांगायला सुरुवात केली. धम्मशीलानं आलेल्याला उंबऱ्याबाहेर उभं केलं आणि काहीतरी विचारलं. त्यानं सांगितलं. ती दार धरून नुसती बघत राहिली, मग बाजूला झाली आणि चहा ठेवायला गेली. रस्ता चुकला नाही. वाटेत पंचफुलाबाईंना उसाचा रस पाजला. लोणारला काठावर आल्यावर एवढा मोठा खड्डा पाहून त्या घाबरल्या, तेव्हा त्यानं त्यांचा हात धरला. तळ्यापर्यंत जाऊन येतो म्हणाला. दुपारी बारा वाजता तिघं उतरले, तो पुढे, मागे पंचफुला, शेवटी धम्मशीला.

"धम्मशीला येकदा फिरून पाह्यली माह्याकडं," सहदेव म्हणाला. "मले वाटलं, पानी मांगून राह्यली. बाटली दाखवली म्या. तर तशीच उतरली."

 मग त्यानं विचारलं, "मंग खाली कोन हाये, देवा?"

त्यानंतर फोनमधून त्याच्या हाका ऐकू येऊ लागल्या. पंचफुला, पंचफुला. ही हाक त्या खोलगट जागेत फिरून परत येत होती. दर वेळी परत यायला जरा जास्तच वेळ लागतो आहे, असं देवानंदला वाटलं, पण शेकडो कोसांवरून त्याला ते ठरवता येईना.

सुभेदारांनी दुसऱ्या फोनवरून लोणारच्या पोलिसांना गाठलं. यावेळी माणसं वेळेत आली. संध्याकाळी तिथं वनरक्षक शिट्ट्या वाजवत तळ्याकाठच्या सगळ्यांना वर काढतो. शाळेची सहल वर आली, औरंगाबादकडची दोन जोडपी आली, एक फोटोवाला आला. सगळ्यांना विचारून झालं. लुगड्यातली म्हातारी, तरणी बाई आणि एक जवान, असे तिघं त्यांच्यापैकी कुणीही खाली पाहिले नव्हते. पोलिसांची एक तुकडी बॅटऱ्या घेऊन उतरली आहे. काठावर ती गाडी उभी आहे. दारं उघडीच आहेत, नंबराचा तपास चालू आहे.

देवानंदची रजा सात वाजता मंजूर झाली. जोधपूरला नेणाऱ्या ट्रकमध्ये तो पुढे बसला आहे. वडिलांचा फोन अजून चालू आहे. सहदेव वरच्या पायरीवर बसून आहे आणि दर थोड्या वेळानं सांगतो आहे, की कोनी येऊन नाही राह्यलं.